मोटरवर काय लिहिलंय

भीमसिंग जमादारानं एकदा पंचनाम्यात विहीर चुकून लिंबाच्या पूर्वेला लिहिली, तर पुढल्या उन्हाळ्यात बोरदऱ्याच्या लोकांनी लिंबाच्या पूर्वेला खरोखरची विहीर खोदली. मूळची विहीर पश्चिमेला होती आणि तुडुंब होती. पण कोर्टाचा माणूस जागा बघायला येणार होता, आणि जमादाराला खोटं पाडण्यापेक्षा तीस हात खडक फोडणं गावाला सोयीचं वाटलं. नव्या विहिरीला पाणी काही लागलं नाही. लागणार कसं? पंचनाम्यात पाणी लिहायचं राहूनच गेलं होतं.

ती कोरडी विहीर अजून आहे. ज्याला विश्वास बसत नाही त्यानं सिद्धेश्वरच्या धरणाकडून बोरदऱ्याला वळावं आणि डोकावून बघावं. फक्त तोल सांभाळावा. आत पडलात तर जमादार येऊन तुम्ही पश्चिमेच्या विहिरीत पडलात असं लिहायचा, आणि लोक तुम्हाला तिकडं शोधत बसायचे.

तर असा हा भीमसिंग. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला अकरा महिने बाकी. अक्षर मोत्यासारखं. तालुक्यात त्याच्या पंचनाम्याला तोड नव्हती. आणि त्याच्या पंचनाम्यामागची युक्ती चौकीसमोरच्या चहावाल्या माऊलीला माहीत होती, कारण ती युक्ती म्हणजे माऊलीच होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला जमादार पंधरा कोरे कागद घेऊन टपरीवर यायचा. माऊली हात पुसून पंधराही कागदांच्या तळाशी सही करायचा. कोणी गिऱ्हाईक बसलेलं असलं तर दुसरा पंच म्हणून तेही करायचं. मग महिनाभर कुठंही काही घडो, माऊली आपला चहा उकळत असायचा आणि त्याची सही डोंगरावर, नदीत, लोकांच्या माळवदावर हिंडत असायची. दारूच्या धाडीत माऊली, भांडणात माऊली, एकदा तर एकाच दिवशी एकाच वेळी दोन गावांत माऊली. वकिलांनी हटकलं तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, आमची सायकल जरा वेगात आहे."

लोक हसायचे. भीमसिंगही हसायचा. खाजा मियाच्या प्रकरणापर्यंत हे सगळं हसण्यावारीच होतं.

खाजा मियाचं फाट्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडं यायच्या. तो तांब्याची तार काढायचा, नवी भरायचा, वॉर्निश लावून उन्हात ठेवायचा. माणूस वही ठेवत नसे. मोटर हीच त्याची वही. आलेल्या मोटरीच्या अंगावर तो पांढऱ्या ऑइलपेंटनं उर्दूत सगळं लिहून टाकायचा: कोणाची, कोणी आणली, काय बिघडलं, कधी द्यायची. गिऱ्हाईक तऱ्हेवाईक असलं तर तेही. काम झालं की रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा आणि मोटर स्वच्छ अंगानं घरी जायची.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बोरदऱ्याच्या पाणी संस्थेचे चेअरमन राधाकृष्णराव यांची तीन हॉर्सची मोटर धरणाच्या काठावरून नाहीशी झाली. राधाकृष्णराव चौकीत आले ते ओरडतच आले. चेअरमनची मोटर जाते म्हणजे काय, तीन दिवसांत चोर पाहिजे. मागोमाग तालुक्याहून साहेबाचा फोन, तोही तसाच. भीमसिंग फटफटीवर बसला आणि तासाभरात मोटर शोधून काढली. शोधायची गरजही नव्हती. खाजा मियाच्या दुकानात, टेबलावर, दारातल्या उजेडात ती बसली होती.

"ही तर चेअरमनच्या पुतण्यानं आणून टाकली," खाजा मिया म्हणाला. "जळाली म्हणून. बघा की, लिवलंय."

भीमसिंगनं पाहिलं. मोटरच्या पोटावर पांढऱ्या रंगात तीन ओळी. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पुतण्याला बोलावलं. अपूर्व त्याचं नाव, वय बावीस, हातात मोबाईल. चुलता शेजारी उभा. अपूर्वनं मोटरकडं पाहिलं, चुलत्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "मी न्हाई नेली. मला काय माहीत?"

तिथंच थांबायला हवं होतं. चौकीसमोर चहा प्यायला येणारे, निजामाच्या शाळेत गेलेले चार म्हातारे सहज ते वाचू शकले असते. पण वाचलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर लिहावं लागलं असतं. भीमसिंगनं पिशवीतून माऊलीच्या सहीचा कागद काढला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: सदर मोटर दुकानाच्या मागील बाजूस, बाभळीच्या काट्यांखाली, पोत्यात गुंडाळून लपवलेल्या स्थितीत मिळून आली. मोटरवर पांढऱ्या रंगाच्या खुणा असून त्यांचा बोध होत नाही.

दुकानामागं बाभळ नव्हती. काटे नव्हते. पण आठवडाभरात काटे आपल्या डोळ्यांनी पाहिलेली अकरा माणसं गावात निघाली, आणि एकाच्या तर पायातही मोडले होते.

इथवरही कोणाला आणखी हसायचं असेल तर हसून घ्यावं. तो दिवस सोमवार होता, बाजाराचा. भीमसिंगनं ती चाळीस किलोची मोटर खाजा मियाच्या उजव्या खांद्यावर दिली आणि फाट्यापासून चौकीपर्यंत, भर बाजारातून, त्याला चालवत नेलं. मुद्देमाल आरोपीनंच वाहायचा, अशी भीमसिंगची पद्धत. कुठल्याही कायद्यात नाही, त्याच्याच डोक्यातली. साठीचा माणूस. दोनदा गुडघ्यावर आला. दोनदा भीमसिंग म्हणाला, "चल, ऊठ." त्या दिवसापासून खाजा मियाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. नमाजला उभा राहिला की डावा हात कानापर्यंत पोचतो आणि उजवा छातीशीच थांबतो. चार दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटला, पण मोटरी यायच्या थांबल्या. चोराच्या हातात कोण आपली मोटर देणार?

आणि पुढल्या सोमवारपासून खतीजाबी यायला लागली.

खतीजाबी म्हणजे खाजा मियाची बायको. उंच, वाळकी, डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. चौकीच्या पायरीपाशी उभी राहायची. आत यायची नाही, बसायची नाही, रडायची नाही. एकच वाक्य विचारायची.

"जमादारसाब, मोटरवर काय लिहिलंय?"

पहिल्यांदा भीमसिंगनं समजावलं. "बाई, ते उर्दूत आहे. मला येत न्हाई."

"ज्याला येतं त्याला विचारा."

"कोर्ट विचारील."

"बराबर," म्हणायची आणि जायची. पुढल्या सोमवारी परत. भीमसिंग खेकसला, शिपायाला सांगून हाकललं, एकदा मागच्या दारानं निघून गेला. ती सोमवार चुकली नाही. दोन वर्षांचे शंभरच्या वर सोमवार. माऊलीची गिऱ्हाइकं तिची नक्कल करायला लागली. कोणी चहा मागितला की दुसरा म्हणायचा, "कपावर काय लिहिलंय, जमादार?" पोरं शाळेत जाता जाता ओरडायची. भीमसिंगच्या घरातही एकदा त्याच्या नातवानं कुकरकडं बोट दाखवून तेच विचारलं, आणि त्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं.

राग त्याला सगळ्यांचाच होता. खतीजाबीचा होता, कारण ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर कलम लावता आलं असतं. खाजा मियाचा होता, कारण त्यानं त्या दिवशी मोटर खाली टाकून दिली नाही. साहेबाचा होता, चेअरमनचा होता. स्वतःचं नाव त्या यादीत कुठं येतं ते तो बघत नव्हता. तेही उर्दूत असल्यासारखं.

मग साक्षीची तारीख आली. मंगळवारी तालुक्याच्या कोर्टात भीमसिंगची साक्ष, आणि न्यायाधीश मॅडमचा हुकूम, मुद्देमाल समोर आणा.

आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, भीमसिंगनं कोठीतून मोटर काढून अंगणात ठेवली. दोन वर्षांची धूळ झटकली. तीन पांढऱ्या ओळी जशाच्या तशा. तेवढ्यात साहेबाचा फोन.

"भीमसिंग, मोटर गंजली असेल."

"न्हाई साहेब, बरी आहे."

"गंजली असेल," साहेब म्हणाले. "कोर्टात घाण वस्तू नेऊ नये. जरा रंग मारून घ्या. चेअरमनसाहेब व्यवस्था करून राहिले."

फोन ठेवायच्या आत व्यवस्था आली. मोटारसायकलवरून अपूर्व उतरला. एका हातात हिरव्या ऑइलपेंटचा डबा, दुसऱ्यात नवा कोरा ब्रश. आता चोवीस वर्षांचा झाला होता, मिशा आल्या होत्या, नजर मात्र तीच, जमिनीवरची.

"काकानं पाठवलं," तो म्हणाला. "दोन हात मारा म्हणाले. पोटावर जाड."

भीमसिंग डब्याकडं बघत राहिला. एकतीस वर्षांत त्यानं चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, बायकोला जाळून स्टोव्ह दाखवणारे पाहिले. पण त्याला इतका साफ कबुलीजबाब कोणी दिला नव्हता. ज्या खुणांचा बोध होत नाही, त्या झाकायला कोणी डबाभर रंग पाठवत नाही.

"पोटावर काहून जाड रे?" त्यानं विचारलं.

अपूर्वनं डबा जमिनीवर ठेवला.

"मी तुला विचारून राहिलो. पाठीवर पातळ आणि पोटावर जाड काहून?"

"काका म्हणाले."

"काकाला दिसलं काय लिवलंय ते?"

"काकाला उर्दू येत न्हाई."

"मग त्याला कोणी सांगितलं?"

पोरगं ब्रशचे केस चाचपत राहिलं. उत्तराची गरज उरली नव्हती. बाहेर पायरीपाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. सोमवार होता ना.

"जमादारसाब," खतीजाबी म्हणाली. पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. तिनं डबा पाहिला, ब्रश पाहिला, आणि मग भीमसिंगकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग नव्हता. ओळखीचं काहीतरी बघितल्यासारखा तो चेहरा होता, शंभर सोमवारांत तिला हेच अपेक्षित असल्यासारखा. आणि ती वळून चालायला लागली.

म्हणतात की भीमसिंगला त्या क्षणी जो राग आला त्यानं माऊलीच्या टपरीवरचं दूध स्टोव्हात रॉकेल नसताना उतू गेलं. दुधाचं जाऊ द्या. डबा मात्र उडाला. भीमसिंगच्या लाथेनं तो अंगणातून रस्त्यावर गेला, आणि चौकीसमोरच्या डांबरावर अजून एक हिरवा ओहोळ आहे. त्यावरून लोक पाय टाकताना थबकतात.

"रिक्षा आण," तो अपूर्ववर गरजला. "आणि त्या माऊलीला म्हणावं, सांडशी ठेव आणि चल."

"कुठं?"

"तुझ्या आज्याकडं."

राधाकृष्णरावांचे वडील आबा, वय सत्त्याऐंशी, मारुतीच्या पारावर सकाळचं ऊन खात बसलेले असत. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दू शिकलेले. मास्तरच्या छडीचे वळ अजून तळहातावर दाखवायचे. एक डोळा शाबूत, कान दोन्ही गेलेले, त्यामुळं बोलायचे ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं. भीमसिंगनं रिक्षातून मोटर उतरवून त्यांच्यापुढं ठेवली. पारावर पाच-सहा जण होते, ते सरकून जवळ आले.

"आबा, हे वाचा."

"काय आहे?"

"मोटर."

"मोटर वाचायची?" आबा म्हणाले. "तू प्यायलास का सकाळी सकाळी?"

पण वाकले. बोटानं उजवीकडून डावीकडं अक्षरं चाचपली, आणि चेहरा एकदम शाळेतल्या पोरासारखा झाला. मग वर्गात उभं राहून वाचावं तसं वाचलं, घसा ताणून:

"बारा फरवरी, मंगल. चेअरमन राधाकृष्णराव की मोटर. बमारफत अपूर्व. पानी के बगैर चलाई, वाइंडिंग जल गई. लडका बोला, चाचा को मत बोलो. जुम्मे को देना."

पारावर कोणी हललं नाही. आबांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांना शांतता कळली नाही. ते खूश होते. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "हा लडका कोण?"

लडका रिक्षाच्या मागं उभा होता.

तेवढ्यात राधाकृष्णराव आले. त्यांना कोणीतरी पळत जाऊन सांगितलं असणार. पांढरे कपडे, घामानं पाठीला चिकटलेले. आल्या आल्या त्यांनी मोटरकडं पाहिलं नाही, बापाकडं पाहिलं.

"आबा, चला घरी. तुमाला दिसत न्हाई."

"काय?"

"दिसत न्हाई तुमाला."

"पायावर मुंगी चढली तर दिसते," आबा म्हणाले. "परवा संस्थेच्या कागदावर माझी सही घेतलीस तवा दिसत होतं व्हय?"

राधाकृष्णराव भीमसिंगकडं वळले. आवाज खाली आणला. "जमादार, पोरगं लहान होतं. भ्यालं. मला आठ दिवसांनी सांगितलं. तोवर गावभर झालं होतं. आता मी काय करू, चेअरमननं खोटी फिर्याद दिली म्हणू? इज्जतीचा सवाल आहे. तो सुटेलच की कोर्टात. संशयाचा फायदा मिळून जाईल. कोणाचं काय बिघडलं?"

"त्याचा हात," भीमसिंग म्हणाला.

"काय?"

"हात बिघडला. तुमची मोटर वाहून." त्याचा आवाज चढला. "आणि मी वाहायला लावली. तुमी सांगितलं नव्हतं. तेवढं माझं होतं, माझ्या घरचं. त्याच्यासाठी तुमाला फोन करायची गरज पडली न्हाई मला."

"तुमची निवृत्ती जवळ आली, भीमसिंग."

"आली. म्हणून लिहून टाकतो. हात अजून सरकारी आहे."

तो पाराच्या पायरीवर बसला, पिशवीतून कागद काढले. वरचे सहा कागद माऊलीच्या सहीचे, कोरे. त्यानं ते मधोमध फाडले, परत फाडले. एकही सही नसलेला कागद त्याच्या पिशवीत नव्हता. शेवटी पाराशी दप्तर घेऊन उभ्या असलेल्या आबांच्या पणतीच्या वहीतून एक दुरेघी पान काढून घ्यावं लागलं. त्यावर त्यानं लिहिलं: मोटर कुठं होती, कोणासमोर वाचली, काय वाचलं, अक्षर अन् अक्षर. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पेन माऊलीपुढं धरलं.

माऊली भांबावला. "आधी लिहून मग सही? असं कधीपासून?"

"आजपासून."

"मग मला समदं वाचावं लागंल."

"वाच."

माऊलीनं वाचलं. आयुष्यातला त्याचा पहिला पंचनामा. ओठ हलवत, बोट फिरवत वाचला, आणि मगच सही केली. आबांनी उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडं, खाली दिमाखदार रेघ ओढून. मुलाकडं बघितलंही नाही.

मंगळवारी कोर्टात भीमसिंग उभा राहिला. खाजा मिया आरोपीच्या जागेवर, उजवा हात डाव्या हातानं धरून. खतीजाबी मागच्या बाकावर. सरकारी वकिलांनी नेहमीच्या चालीवर विचारलं, "पंचनामा आपल्या अक्षरात आहे?"

"आहे."

"त्यातला मजकूर बरोबर आहे?"

"न्हाई."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. भीमसिंग बोलत गेला. काटे नव्हते. पोतं नव्हतं. मोटर टेबलावर होती, उजेडात, आणि आरोपीनं लिहिलेलं बोट ठेवून दाखवलं होतं. पंच हजर नव्हते, सह्या आधीच्या होत्या. मजकूर वाचून घेता आला असता, मुद्दाम घेतला नाही. मग त्यानं दुरेघी पान पुढं केलं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही शपथेवर बोलताय. याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, मॅडम."

परिणाम झाले. निलंबनाचा कागद शुक्रवारीच आला, त्याच्या पंचनाम्यापेक्षा वाईट अक्षरात. चौकशी लागली. राधाकृष्णरावांनी मोटरवर आपला हक्क नाही असं लिहून दिलं. गावात आता त्या मोटरचं नाव काढायचीही त्यांना सोय नव्हती. महिन्याभरात निकाल लागला. खाजा मिया निर्दोष, संशयाचा फायदा वगैरे काही नाही, नुसता निर्दोष. मोटर ज्याच्याकडून जप्त केली त्याला परत.

निकालानंतरच्या सोमवारी भीमसिंग सही करून आपलं सामान न्यायला चौकीत आला. अंगावर साधा सदरा. मोटर अंगणात होती, खाजा मियानं येऊन न्यावी म्हणून. खतीजाबी पायरीपाशी आली. भीमसिंग उभा राहिला. खोटं कशाला सांगायचं, त्याला वाटलं होतं की ती आज काहीतरी चांगलं बोलेल. त्यानं नोकरी पणाला लावली होती. माणसाला वाटतंच.

"मोटर न्यायला रिक्षा आणली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग कशी नेता?"

"जशी आली तशी," खतीजाबी म्हणाली. "फाट्यापासून इथवर बाजारातून आली ना? तशीच जाईल. तुमच्या खांद्यावर."

माऊलीच्या टपरीवरचे कप जागच्या जागी थांबले.

"बाई, मी कोर्टात समदं खरं सांगितलं," भीमसिंग म्हणाला. त्याचा राग परत उसळला, जुन्या सवयीचा. "माझी नोकरी गेली त्यात. पेन्शनची काय गत होईल माहीत न्हाई."

"कोर्टात सांगितलं. तालुक्याला. तिथं किती माणसं होती? बारा?" तिचा आवाज आज पहिल्यांदा चढला, आणि दोन वर्षांचा एकदम चढला. "चोर तुमी इथं केला, बाजारात. इथं हजार माणसं होती. माझ्या सुनेला तिच्या माहेरचे घेऊन गेले, चोराच्या घरात ठेवणार न्हाई म्हणून. त्यांनी कोर्टाचा कागद न्हाई बघितला, त्यांनी बाजार बघितला. तुमी एक दिवस खरं लिवलं म्हणून आमी तुमाला हार घालायचा का? खरं लिहायचाच पगार होता तुमाला."

  भीमसिंग मोटरजवळ गेला, वाकला, आणि ती उचलली.

चाळीस किलो म्हणजे किती, हे लिहिताना कळत नाही. पहिल्या शंभर पावलांत ते कळतं. मोटरची बैठकीची कड खांद्याच्या हाडावर नेमकी बसते, आणि पाऊल टाकलं की करवतीसारखी फिरते. त्याला वाटलं होतं गुडघे आधी जातील. श्वास आधी गेला. भिकाबाईच्या मेथीच्या ढिगापाशी तो पहिल्यांदा थांबला.

"काय जमादार," भिकाबाई म्हणाली, "निलंबित झाल्यावर मोटरी चोरायला लागलात का?"

लोक हसले. खतीजाबी मागून म्हणाली, "सांगा त्यांना. काय लिवलंय."

त्याला आता ते पाठ होतं. "बारा फरवरी, मंगल," तो म्हणाला.

"जोरात."

"बारा फरवरी, मंगल. चेअरमन राधाकृष्णराव की मोटर. बमारफत अपूर्व." त्याची मान वाकडी झाली होती, शब्द दम लागत लागत येत होते. "लडका बोला, चाचा को मत बोलो. खाजा मियानं चोरी केली न्हाई. मी खोटं लिवलं."

मिरचीवाल्यापाशी परत. बांगडीवाल्यापाशी परत. कापडाच्या पालापाशी तो गुडघ्यावर आला, आणि तिथं कोणी हसलं नाही. एकानं हात लावायला पुढं केला. खतीजाबीनं नुसतं पाहिलं, आणि तो हात मागं गेला. "चल, ऊठ," असं ती म्हणाली नाही. तेवढी ती भीमसिंगपेक्षा बरी होती. थांबून राहिली, तो आपणहून उठेपर्यंत.

फाट्यावर खाजा मिया दुकानात टेबल पुसून बसला होता. भीमसिंगनं मोटर टेबलावर ठेवली, दारातल्या उजेडात, जिथं होती तिथं. खांदा सदऱ्याला चिकटला होता. खाजा मियानं त्याच्याकडं पाहिलं, पाणी दे म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मोटर फिरवून तिची अवस्था बघितली. मग डाव्या हातानं पांढऱ्या रंगाची डबी उघडली, डाव्याच हातात ब्रश धरला, आणि जुन्या तीन ओळींच्या खाली, वेडंवाकडं पण सावकाश, चौथी ओळ लिहायला लागला. उजव्या हाताचं वळण डाव्याला येत नव्हतं. बराच वेळ लागला.

भीमसिंग उभाच होता.

"काय लिहिलं?" त्यानं विचारलं.

खाजा मियानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. वर पाहिलं नाही. खतीजाबीनं दारातून बाजाराची पिशवी उचलली.

"दोन वर्षं आमी तुमाला विचारलं," ती म्हणाली. "आता तुमी विचारा. दर सोमवारी या."